कमी पैशांत प्राथमिक वर्ग कसा लावायचा? द्विशिक्षकी शाळेतल्या खोलीचं नियोजन, साहित्य आणि जागा

वर्ग लावायची सुरुवात बाजारातून करू नका, कपाट रिकामं करण्यापासून करा. पहिली ते चौथीच्या जिल्हा परिषद शाळांत साहित्य अगदीच नसतं असं क्वचित होतं. ते असतं, पण कुलपात. गणित पेटी वरच्या फळीवर, गोष्टीची पुस्तकं गठ्ठ्यात, नकाशे गुंडाळून माळ्यावर. आणि भिंतीवर मात्र हात न पोचणाऱ्या उंचीला चकचकीत तक्ते. म्हणून या सगळ्या लेखाला मी एकच कसोटी लावली आहे: दुसरीतलं मूल शिक्षकांना न विचारता वस्तू घेऊ शकतं का, आणि काम झाल्यावर ती जागेवर ठेवू शकतं का? ज्या खर्चाने हे साधतं तो करावा. बाकीचा पुढच्या वर्षी बघू.

यासाठी मे महिन्याचा शेवट किंवा शाळा उघडण्याआधीचा आठवडा बरा. बहुतेक महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनअखेरीस. पाऊस सुरू झाला की रंग वाळत नाही आणि ओल्या भिंतीला काही चिकटत नाही, तेव्हा रंगाचं काम आधी उरकून घ्या.

पहिलं काम: उपसा आणि मोजमाप

सगळं बाहेर व्हरांड्यात काढा आणि तीन ढीग करा. एक, लगेच वापरता येईल असं. दोन, तासाभराच्या डागडुजीने वापरता येईल असं. तीन, कामातून गेलेलं. तिसरा ढीग परस्पर भंगारवाल्याला देऊ नका. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद असलेली वस्तू मोडकी असली तरी शाळेच्या नावावर असते. तिची यादी करून निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून ती रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) पाठवावा लागतो. मंजुरी येईपर्यंत तो ढीग वर्गाबाहेर, एका कोपऱ्यात, यादी चिकटवून ठेवा. पाय मोडलेल्या खुर्च्यांनी अडवलेली जागा मोकळी होणं हीच पुष्कळदा वर्षातली सगळ्यात मोठी भर ठरते.

खोली रिकामी झाली की टेप घेऊन मोजा आणि कागदावर आराखडा काढा. दार, खिडक्या, प्लगपॉइंट, गळणारी जागा, ओल येणारी भिंत, सकाळी अकराला ऊन कुठवर येतं, हे सगळं त्यात दाखवा. गळकी जागा विसरू नका. पुस्तकांचा कोपरा नेमका तिथेच केला जातो, कारण उन्हाळ्यात ती जागा छान वाटते.

मग खडूने जमिनीवर जागा आखा: बसायची, फळ्यासमोरची मोकळी, पुस्तकांची, साहित्याची, दप्तरांची, चपलांची. आखल्यावर मुलं बसतात तिथे मांडी घालून बसा आणि फळ्याकडे बघा. चकाकतो का? खिडकीचा उजेड डावीकडून आला तर बहुतेक मुलांच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुरी मुलं असतील तर त्यांना दुसऱ्या टोकाला बसवा.

दोन इयत्ता, एक खोली

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत, म्हणजे ६० मुलांपर्यंत, दोन शिक्षक. म्हणजे छोट्या गावात एकेका शिक्षकाकडे दोन इयत्ता ठरलेल्याच. सर्रास केली जाणारी रचना म्हणजे समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे आणि मुलं पाठीला पाठ लावून. आवाज थोडा विभागला जातो हे खरं, पण शिक्षक एका फळ्याशी गेले की दुसऱ्या इयत्तेच्या नुसत्या पाठी दिसतात.

पट वीस-पंचवीसपर्यंत असेल तर मी काटकोनातली रचना सुचवेन. लगतच्या दोन भिंतींवर दोन फळे, दोन्ही इयत्तांची तोंडं आपापल्या फळ्याकडे आणि त्या भिंती मिळतात त्या कोपऱ्यात शिक्षकांची जागा. तिथून दोन्हीकडचे चेहरे दिसतात आणि दोन पावलांत कुठल्याही फळ्याशी जाता येतं. टेबल मात्र त्या कोपऱ्यात नको. ते मागच्या भिंतीला सरकवा. टेबल समोर असलं की मुलं त्याला वळसा घालून जातात आणि फळ्यापुढची सगळ्यात कामाची जागा वाया जाते.

बसायला लांब सतरंजी किंवा बसकर पट्टी असते. ती चालेल, पण गटात बसवायचं म्हटलं की एकाला उठवायला दहा जण हलतात. त्यापेक्षा सुटी आसनं सोयीची. जुन्या दोन साड्यांच्या मध्ये पोतं घालून वाकळीसारखे टाके घातले की दीड फूट चौरस आसन तयार होतं. कोपऱ्याला नाडीचा फास ठेवला की ते दोरीवर टांगता येतं. गावातल्या बचत गटातल्या किंवा पालकांमधल्या दोघी-तिघी गोधडी शिवणाऱ्या असतातच. साड्या घरोघरी मिळतात, खर्च दोऱ्याचा. पोत्यांबाबत दोन पथ्यं पाळा. पोषण आहाराच्या तांदळाच्या बारदान्याचा हिशेब द्यावा लागतो, ते असंच कापू नका. आणि खताची किंवा औषधांची पोती मुलांखाली अजिबात नकोत. किराणा दुकानातली साखरेची, डाळीची पोती घ्या.

फळे: इथे पैसे घाला

मुख्य फळा काळपट-पांढरा पडला असेल तर नवा घेण्याआधी रंगवून बघा. धुऊन पूर्ण वाळवा, पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, फळ्याच्या रंगाचा पातळ हात द्या. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. दोन-तीन दिवस वापरू नका. मग लिहायला लागण्याआधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या कापडाने पुसून टाका. हे टाळलं तर पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं भुतासारखी मागे दिसत राहतात.

मुलांसाठी सलग तळफळा करा. जमिनीपासून अर्धा फूट सोडून तीन फुटांपर्यंतचा पट्टा फळ्याच्या रंगाने रंगवायचा. अठरा फूट लांबीच्या भिंतीवर हा पट्टा ४५ चौरस फुटांचा होतो. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरात साधारण ९० ते १०० चौरस फुटांवर एक हात बसतो, म्हणजे दोन हातांना लिटरभर रंग पुरतो. मग उभ्या रेघा मारून दीड-दोन फुटांचा एकेक चौकोन करा आणि वर मुलाचं नाव लिहा. एका भिंतीवर नऊ ते बारा मुलं एकाच वेळी लिहितात आणि कुणाचं कुठे अडलंय हे उभ्या उभ्या दिसतं. वह्या तपासायच्या ढिगातून ते दुसऱ्या दिवशी कळतं. पाटी-पेन्सिलचा, कागदाचा खर्च वाचतो तो वेगळाच.

यासाठी भिंत निवडताना पावसाचा झोत लागणारी बाहेरची भिंत टाळा, रंगाचे पोपडे सुटतात. चुना दिलेली भिंत असेल तर चुना पूर्ण खरवडून प्रायमर लावल्याशिवाय रंग धरत नाही. हे काम गावातल्या रंगाऱ्याला अर्धा दिवस मागा. पैसे मागण्यापेक्षा कारागिराकडे कारागिरी मागितलेली त्याला जास्त आवडते, आणि आपल्यापेक्षा तो ती बरी करतो.

खडूच्या भुकटीवर साधा उपाय आहे. दोन इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ तळफळ्याखाली बसवा. भुकटी त्यात पडते आणि खडूचे तुकडेही तिथेच राहतात. चिरलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. पुसायला जुन्या सुती कपड्याची घडी, शिवून हातात मावेल एवढी. रोज शाळा सुटताना पट्टा ओल्या फडक्याने पुसायची पाळी लावा.

भिंती आणि दोरी

वर्गात शिरताना भिंती भरलेल्या दिसाव्यात, या हौसेपायी सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. छापील फ्लेक्सवर बाराखडी, फुलं, फळं, थोर नेते, सगळं एकदम. महिन्याभरात मुलांना ते दिसेनासं होतं. थर्माकोलची सजावट तर २०१८ च्या राज्यातल्या बंदीनंतर करूच नये. तशीही तिचे दाणे वर्षभर झाडावे लागायचे.

त्याऐवजी खिडकीच्या गजापासून समोरच्या खिळ्यापर्यंत नायलॉनची दोरी ओढा. भिंतीलगत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. पहिली-दुसरीसाठी साडेतीन फूट पुरे. खिळा मात्र वाकवून ठोका किंवा त्याऐवजी हूक वापरा. त्या उंचीला सरळ खिळा म्हणजे डोळ्याला धोका. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, प्रत्येकावर मुलाचं नाव. त्या चिमट्याला त्या मुलाने आठवड्यात केलेलं एक काम: चित्र, चार ओळी, गणित, काहीही. कोणतं लावायचं ते मुलाने ठरवायचं. शनिवारी जुनं काढून त्याच्या फाइलीत जातं. मूल्यमापनाच्या नोंदींसाठी कागद शोधत बसावं लागत नाही, हा फायदा वर्षअखेरीस कळतो.

तक्ते हवेतच. पण ज्या घटकाचं काम चालू आहे तेवढेच, आणि शक्यतो वर्गात मुलांच्या समोर केलेले. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेनाने लिहिलेला शब्दांचा तक्ता मुलं पुन्हा पुन्हा वाचतात, कारण त्यातले शब्द त्यांनीच सांगितलेले असतात.

फ्लेक्सला मी नाव ठेवलं खरं, पण त्याची पाठ फार कामाची आहे. गावात कुणा ना कुणा दादांचा वाढदिवस असतोच. कार्यक्रम झाला की फ्लेक्स मागून आणा. नाही कुणी म्हणत नाही. मागची पांढरी बाजू पुसून तिच्यावर ऑइलपेंट किंवा पक्क्या मार्करने आखा: सहा इंची चौकोनांत १ ते १०० ची चौकट (पाच फूट बाय पाच फुटांत बसते), उड्या मारायची संख्यारेषा, अक्षरांची सापशिडी, गावाचा नकाशा. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याखालचा शाळांचा गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या, शाळांचं बघून राज्यभर फरशीवर अशी चित्रं रंगवली गेली. कल्पना उत्तमच होती. पण शहाबादी फरशीवर रोजच्या झाडू-पायांनी रंग उडतो, आणि जे रंगवलं ते बदलता येत नाही. फ्लेक्स गुंडाळून ठेवता येतो, शेजारच्या वर्गाला देता येतो, बाहेर झाडाखाली पसरता येतो. ओल्या फरशीवर तो घसरतो, तेवढं पावसाळ्यात सांभाळा.

गणिताचं साहित्य: रानातून, घरातून

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं, माती वापरली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी तर आपल्यापैकी अनेकांनी करून पाहिलेली असतात. तेव्हा यात नवीन काही नाही. अडतं ते प्रमाणावर. शिक्षकांकडे दाखवायला एक संच असतो, मुलांच्या हातात द्यायला पुरेसे नसतात. गणित हाताने करायचं असेल तर प्रत्येक गटाला संच हवा.

चार मुलांच्या गटाला १०० काड्या लागतात, म्हणजे वीस मुलांना ५००, शिवाय हरवायला शंभरेक जास्त. कोकणात नारळाच्या झापाचे हीर चार इंची तोडून घ्या. तुरीच्या भागात तुऱ्हाट्या आहेत, पण त्यांची कुसळं लागतात, म्हणून घासल्याशिवाय देऊ नका. झाडूच्या जाड काड्याही चालतात. दहाचा गठ्ठा बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अरुंद चकत्या कापा. पंक्चरवाला ट्यूब फुकट देतो आणि ही रबरं बाजारच्या रबरांपेक्षा खूप टिकतात. एक सुटं, एक दशक, मग दहा दशकांचा एक मोठा गठ्ठा. हातचा घ्यायचा म्हणजे गठ्ठा बांधायचा आणि उसना घ्यायचा म्हणजे गठ्ठा सोडायचा, हे मुलांनी बोटांनी केलं की फळ्यावरची खूण त्यांना कोड्यासारखी वाटत नाही.

चिंचोके मार्चपासूनच जमवायला सांगा. धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात किडे लागतात. काही चिंचोके फोडून दोन दळं करा. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. चार दळं टाकायची आणि किती पांढरी पडली ते मोजायचं. हा आजीच्या वेळचा फासा. यात ० ते ४ येतात, दोनदा टाकून बेरीज करता येते, तिसरी-चौथीला कोणती संख्या जास्त वेळा पडते याची नोंद ठेवता येते. सागरगोटेही चांगले. गुंजा मात्र दिसायला कितीही सुंदर असल्या तरी वर्गात आणू नका, त्या विषारी आहेत. एरंडी आणि धोतऱ्याच्या बियाही नकोत. पहिलीतली मुलं हातात आलेलं तोंडात घालतात, आणि नाकात-कानातही. अगदी लहानांना बियांऐवजी बाटल्यांची झाकणं द्या.

गणितमाळ विकत घेऊ नका. १०० मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या रंगाचे, असे आलटून पालटून मजबूत दोऱ्यात ओवायचे. मुलांकडूनच ओवून घ्या, त्यात दोन तास गणिताचेच जातात. भिंतीवर सरळ ओढून बांधा, मणी सरकतील एवढी ढील ठेवून. कपड्यांचा चिमटा हा तिचा दर्शक.

मापांसाठी एक लिटरची बाटली, अर्ध्या लिटरची, पाव लिटरचा ग्लास, आणि वाळू. तराजूला काठी, सुतळी, दोन करवंट्या. वजनं करायला वाळूच्या पुरचुंड्या किराणा दुकानात मोजून घ्या: १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, एक किलो. दोन पदरी कापडात शिवा म्हणजे वाळू गळून वजन कमी होत नाही.

पुस्तकं

पातळ गोष्टीची पुस्तकं मधोमध उघडून दोरीवर टांगा, मुखपृष्ठ दिसेल अशी. जाड पुस्तकं भाजीबाजारातल्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये उभी. कॅरेट दोन विटांवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतून येतात. सोप्या-अवघड पातळीनुसार पुठ्ठ्यावर रंगीत कागदाची टिकली चिकटवा, पण मुलाला कुठल्याही रंगाचं पुस्तक घेऊ द्या.

फाटलेली पुस्तकं आधी दाभण आणि सुती दोऱ्याने शिवा, मग कडेला कापडी पट्टी चिकटवा. मैद्याच्या खळीने किडे येतात, आणि पूर्वी तिच्यात मोरचूद घालायचे तो मुलांच्या हाताशी नको. पांढरा गोंद बरा. सेलोटेप तर नकोच, वर्षभरात पिवळी पडून पान घेऊनच निघते.

जागेवर परत कसं येतं

सगळ्यात जास्त वर्ग इथे फसतात. डबे हवेत, ते फुकट मिळतात: पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचा वरचा भाग कापून, कडेला कापडी टेप लावून. पत्र्याचे डबे कापू नका, हात चिरतात. डब्यावर नाव लिहाच, पण आत जे आहे त्यातलं एक नमुन्याला बाहेर चिकटवा: एक चिंचोका, एक काडी, एक झाकण. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतं. शिवाय संख्या लिहा: ‘चिंचोके ५०’. परत ठेवताना मोजायचं. रोज मोजणी होते आणि हरवलेलं त्याच दिवशी सापडतं.

फळीवर डब्याच्या बुडाचा आकार रंगाने गिरवा. रिकामा आकार दिसला की काहीतरी बाहेर आहे. कात्र्या, पट्ट्या यांच्यासाठी जुन्या जीन्सचे खिसे एका कापडावर शिवून टांगा. आवरायचं काम मुलांच्या एकेका गटाला द्या, गट आठवड्याने बदला आणि शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं फक्त यासाठी ठेवा, परिपाठाइतकी पक्की. जूनमध्ये पहिले दोन आठवडे एकाच वेळी तीनच डबे बाहेर काढा. सवय झाली की मग चौथा.

पैसे कुठून, आणि कशावर

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटानुसार असतं: ३० पर्यंत पटाला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५,००० असा निकष आहे. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर घालायचा असतो आणि वीजबिल, दुरुस्ती, खडूही त्यातूनच. म्हणजे वर्ग लावायला हाती राहते ती थोडी रक्कम, तीही कधी उशिरा. म्हणून यादी आधीच करून शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, पावत्या जपा.

माझ्या मते विकत घ्यायच्या गोष्टी मोजक्या: फळ्याचा चांगला रंग, बोथट टोकाच्या कात्र्या, कापडी टेप, मजबूत दोरी आणि हूक, चांगले मार्कर, एक मोठं भिंतीवरचं घड्याळ. बाकी लोकसहभागातून मागा, पण वस्तूंची नेमकी यादी देऊन. ‘शाळेला मदत करा’ म्हटलं की भेटवस्तू म्हणून भिंतीवरची घड्याळंच सहा येतात. ‘झाकणं ३००, जुन्या साड्या २०, पाच लिटरचे कॅन १५’ असं पालकसभेत फळ्यावर लिहिलं आणि आलेल्या वस्तूसमोर खूण करत गेलं की आठवड्यात यादी पुरी होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा एकदा सगळे डबे उघडा. जूनपासून ज्याला कुणी हात लावलेला नाही ते साहित्य शेजारच्या शाळेला उसनं द्या किंवा कपाटात परत ठेवा. पुस्तकं त्याच दिवशी ऑक्टोबरच्या उन्हात पसरा, सुट्टी नोव्हेंबरात आली असेल तर नोव्हेंबरच्या. मोजमापाचा जूनमधला आराखडा मात्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. बदली होऊन नवे शिक्षक आले तर त्यांना तो लागेल.